बिकानेरला जाण्यापूर्वी

पुणे, अहिल्यानगर, नाशिक, जळगाव या भागांत स्थिरावलेल्या अनेक ओसवाल कुटुंबांचे मूळ मारवाडात आहे. पूर्वज लोटा-दोरी घेऊन निघाले, ही कथा घरोघरी सांगितली जाते. परंतु ते कोणत्या गावातून, कोणत्या साली निघाले असे विचारल्यास बहुधा पणजोबांपाशी स्मृती थांबते. त्यापलीकडे जाऊ इच्छिणाऱ्याची वाट बिकानेरच्या राजस्थान राज्य अभिलेखागाराकडे वळते.

हे अभिलेखागार 1955 साली स्थापन झाले आणि 1960 पासून त्याचे मुख्यालय बिकानेरात आहे. जयपूर, जोधपूर, बिकानेर, कोटा, उदयपूर अशा संस्थानांची दप्तरे अभिलेखागाराने सांभाळली आहेत. त्यामुळे गाव जोधपूर संस्थानातले असले तरी शोधासाठी बिकानेर गाठावे लागते. जोधपूर, उदयपूर, कोटा आदी ठिकाणी शाखाही आहेत. हवे ते दप्तर कोठे आहे, हे निघण्यापूर्वीच पत्राने विचारून घेणे हिताचे.

मात्र राज्याच्या दप्तराला वंश ठाऊक नसतो. त्याला परगणा, गाव, कर आणि तक्रार एवढेच ठाऊक असते. जोधपूरच्या ‘सनद परवाना बही’मध्ये दरबाराने परगण्यांच्या अधिकाऱ्यांना पाठविलेले हुकूम परगणावार नोंदलेले आहेत. त्यांत थकलेले कर्ज, भावाभावांतील वाटणी, घराच्या हद्दीचा तंटा अशी प्रकरणे येतात. केवळ आडनाव घेऊन गेलेल्या माणसाला या बह्यांच्या राशीतून काहीही हाती लागणार नाही. गावाचे व परगण्याचे नाव, गोत्र आणि अंदाजे संवत या तीन किल्ल्या घरूनच न्याव्या लागतात. परगण्याविषयी शंका असल्यास जोधपूरचे ओसवाल दिवाण मुहणोत नैणसी (1610–1670) यांची ‘मारवाड रा परगनां री विगत’ उपयोगी पडते. हा ग्रंथ छापलेला आहे. त्यात परगणावार गावे दिली असून प्रमुख नगरांतील महाजनांच्या घरांची संख्याही दिली आहे.

तिथींबाबत विशेष सावध राहावे. तेथील महिने पौर्णिमान्त असल्याने ज्या अमावास्येला भगवान महावीरांचे निर्वाण झाले, ती तेथे कार्तिक वदीत लिहिली जाते. महाराष्ट्रात तीच आश्विन वद्य अमावास्या. शिवाय जोधपूर दरबाराचे वर्ष श्रावणात बदलत असे. चैत्रात सुरू होणाऱ्या संवताप्रमाणे जेठ 1899 म्हणजे इसवी सन 1842. दरबारी कागदात मात्र तोच जेठ 1899 म्हणजे 1843. जमाखर्चात एका वर्षाची चूक लगेच उघडी पडते. वंशावळीत ती पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहते.

दुसरी अडचण लिपीची. व्यापारी बह्यांतील महाजनी लिपीत काना-मात्रा नसतात. ‘काकाजी अजमेर गए’ या निरोपाचे ‘काकाजी आज मर गए’ असे वाचन होऊन घरात रडारड झाली, हा किस्सा त्याच लिपीचा. मोडी येणाऱ्यालाही ती आपोआप वाचता येत नाही. म्हणून वाचणारा जाणकार आधीच ठरवावा आणि प्रवासासाठी थंडीचे दिवस निवडावेत. सुट्ट्यांची खात्री करून घ्यावी. ओळखपत्र, अर्ज, शिसपेन्सिल आणि किमान चार-पाच कामाचे दिवस हाताशी असावेत.

बिकानेरातच अगरचंद नाहटा यांच्या परिश्रमाने समृद्ध झालेले अभय जैन ग्रंथालय आहे. त्यांनी व भंवरलाल नाहटा यांनी बिकानेर परिसरातील प्रतिमालेख संकलित करून प्रसिद्ध केले. धातुप्रतिमांच्या पाठीवरील अशा लेखांत संवत, ज्ञाती, गोत्र, प्रतिष्ठा करणारे आचार्य आणि पुष्कळदा आई व पत्नी यांचीही नावे असतात. घरच्या वंशवृक्षात बाप-लेकांच्या नावांची शिडीच तेवढी असते. ज्या स्त्रिया तेथे नाहीत, त्या कधी कधी प्रतिमेच्या पाठीवर भेटतात.

या प्रवासातून थोर दिवाण पूर्वज सापडेलच असे नाही. कर्जापायी गाव सोडणारा किंवा भावाशी भांडून दरबारात गेलेला पूर्वजही सापडू शकतो. अशी नोंद वगळून केलेली वंशावळ शोभेची होईल, खरी होणार नाही.

परंतु पहिले अभिलेखागार घरचा माळा आहे. तेथील लाल कापडी बांधणीच्या चोपड्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात, आणि त्यांबरोबर गाव, गोत्र व संवतही जाते. राज्याची बही बिकानेरात उद्याही मिळेल. घरची चोपडी व ती वाचू शकणारे वडीलधारे यांची तशी हमी नाही. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या चोपड्या उतरवाव्यात, पहिल्या व शेवटच्या पानांची छायाचित्रे घ्यावीत, आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसून नावे लिहून घ्यावीत. माहेरहून आलेल्या आजी-पणजींची नावेही त्या यादीत असावीत.