दरवर्षीचा नवा गेम : माझं मत का बदललं

फुटबॉलचा व्हिडिओ गेम दरवर्षी नव्या आकड्याने आणि पूर्ण किमतीत विकणं बंद व्हावं, असं मी कितीतरी वर्षं तावातावाने सांगत आले. मूळ गेम एकदाच विकत घ्यावा, पुढे बदललेले खेळाडू आणि नव्या जर्सी फुकट मिळाव्यात, एवढीच मागणी होती. आज मी ती सोडली आहे. वाद घालून मला कोणी पटवलं नाही. एका कंपनीने माझ्या मनासारखं करून दाखवलं आणि त्याचं काय झालं ते मी पाहिलं.

माझ्या रागाला कारणं होती. १९९३ पासून चालत आलेली ईए स्पोर्ट्सची फिफा मालिका निन्टेंडो स्विचवर फिफा २० ते फिफा २३ अशी सलग चार वर्षं 'लेगसी एडिशन' म्हणून विकली गेली. आतला खेळ जुनाच, फक्त संघ आणि जर्सी ताज्या. फिफा २० च्या करिअर मोडमध्ये, म्हणजे एकच क्लब वर्षानुवर्षं सांभाळण्याच्या प्रकारात, तर संगणकाच्या हातातले मोठे क्लब दुय्यम खेळाडू उतरवून हरत राहिले, गुणतक्त्याला अर्थच उरला नाही. चाहत्यांना मोहीम उघडून दुरुस्ती मागावी लागली.

मी मुळात कोनामीच्या प्रो इव्होल्यूशन सॉकरची, म्हणजे पीईएसची. परवाने नसल्यामुळे त्यात लिव्हरपूलचं नाव 'मर्सीसाइड रेड' असायचं, पण चेंडूला वजन होतं आणि एडिट मोडमध्ये हवा तो संघ घडवता यायचा. आम्ही कोल्हापूरकरांनी त्यात पाटाकडील आणि दिलबहार हे आमचे संघ उभे केले, शाहू स्टेडियमवरची पेठापेठांची ईर्ष्या टीव्हीच्या पडद्यावर आणली. २०२० मध्ये कोनामीने पूर्ण नवा गेम न काढता पीईएस २०२१ हा 'सीझन अपडेट' जवळपास निम्म्या किमतीत दिला. मला फार आनंद झाला होता. पुढच्या वर्षी तर किंमतच गेली. ३० सप्टेंबर २०२१ ला पीईएसच्या जागी ईफुटबॉल आला. फुकट, वर्षाचं बंधन नसलेला, सतत सुधारत जाणारा.

त्यात स्वतंत्र सामन्यासाठी मोजून नऊ क्लब होते. मास्टर लीग, म्हणजे पीईएसचा करिअर मोड, नव्हती, एडिट मोड नव्हता, खेळाडूंचे चेहरे वेडेवाकडे दिसत होते. कोनामीला जाहीर माफी मागावी लागली आणि १.० ही आवृत्ती यायला एप्रिल २०२२ उजाडला. पण तेव्हाही मास्टर लीग आलीच नाही. एकटीने बसून वर्षानुवर्षं एक क्लब वाढवण्याचा जो आनंद होता, तोच नाहीसा झाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की नवा गेम येण्याची ठरलेली तारीख आणि डब्यावरची ती किंमत मला वाटत होती तितकी वाईट नव्हती. पूर्ण पैसे घेणाऱ्याला त्या दिवशी पूर्ण खेळ समोर ठेवावा लागतो. ठेवला नाही, तर जाब विचारता येतो. फुकटच्या खेळाला असा दिवसच नसतो आणि त्याची कमाई आत विकल्या जाणाऱ्या वस्तूंवरच चालते.

शिवाय फुटबॉलचा गेम पंचांगासारखा आहे, तो त्या वर्षाशी खरा असावा लागतो. फिफा १६ मध्ये बारा देशांचे महिला संघ प्रथमच आले. त्या मालिकेत स्त्री म्हणून मैदानात उतरता येण्यासाठी २०१५ साल उजाडावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं. पण फिफा २३ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्सच्या महिला क्लब लीगही दाखल झाल्या. फिफा २२ मध्ये इंडियन सुपर लीग आली, तेव्हा मुंबई सिटी नुकतीच विजेती झालेली होती. तो संघ आणि एफसी गोवा खऱ्या नावांनी, खऱ्या जर्सींत निवडता आले. हे मोल 'फक्त जर्सी बदलल्या' म्हणून उडवून लावणं मला आता जमणार नाही.

वर्ष चुकलं तरी आभाळ कोसळत नाही, हेही आता दिसलं आहे. स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीने फुटबॉल मॅनेजर २५ हा क्लब सांभाळण्याचा गेम तयार होत नाही म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्दच केला आणि नोव्हेंबरमध्ये पुढचा आणला. अर्धकच्चा गेम माथी मारण्यापेक्षा हे हजारपट प्रामाणिक.

राग उरला आहे तो अल्टिमेट टीमच्या पाकिटांवर. २००९ मध्ये फिफा ०९ ची जोड म्हणून आलेल्या या प्रकारात पैसे मोजून पाकीट घ्यायचं, आत कोणता खेळाडू निघेल ते नशिबावर. आणि पुढच्या वर्षीच्या गेममध्ये ती टीम नेता येत नाही, पुन्हा शून्यापासून सुरुवात. २०२०-२१ या आर्थिक वर्षात ईएला सगळ्या खेळांच्या अल्टिमेट टीममधून १६२ कोटी डॉलर मिळाले, कंपनीच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे २९ टक्के. करिअर मोड वर्षानुवर्षं दुर्लक्षित का राहिला, याचं उत्तर माझ्या मते या आकड्यात आहे. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवलं आणि जानेवारी २०१९ पासून ईएने तिथे त्यासाठीचे पॉइंट विकणं थांबवलं. नेदरलँड्समध्ये मात्र २०२२ मध्ये न्यायालयाने ईएला याच पाकिटांसाठी झालेला एक कोटी युरोचा दंड रद्द केला. मला बेल्जियमचं पटतं. पाकिटांची विक्री थांबली तरी तिथे गेम दरवर्षी येतोच आहे.

म्हणून आता माझं सांगणं वेगळं आहे. गेम दरवर्षी येऊ द्या, तुम्ही तो दोन-तीन वर्षांनी एकदा घ्या, तेव्हाच झालेला बदल खेळताना जाणवतो. करिअर मोड मनापासून खेळा. आणि घरात मुलं खेळत असतील, तर कन्सोलवर साठवलेलं बँकेचं कार्ड आजच काढून टाका.