दोन होमरन आणि एक उपवास

रमजानमध्ये मॅच आली की आमच्या टीमला एकच प्रश्न पडायचा : हा खेळणार का? मी पहिली ओव्हर टाकायचो. कधी रोजा ठेवून बॉलिंग केली, कधी घरी थांबलो. जिंकलो की ‘रोजा असून खेळला’ म्हणून पाठ थोपटली जायची. मी नसताना हरले, तर चार दिवस कुणी धड बोलत नसे. हँक ग्रीनबर्गबद्दल वाचताना ते दिवस आठवले.

ग्रीनबर्ग हा अमेरिकेतल्या डेट्रॉइट टायगर्स संघाचा बेसबॉल खेळाडू. रोमानियातून आलेल्या धर्मनिष्ठ ज्यू आईवडिलांचा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये वाढलेला मुलगा. १९३४ साली तो २३ वर्षांचा होता. टायगर्सनी १९०९ नंतर लीगचं विजेतेपद पाहिलेलं नव्हतं. त्या वर्षी ते आघाडीवर होते आणि मागे न्यूयॉर्क यांकीज लागलेले. अशात १० सप्टेंबरचा बोस्टन रेड सॉक्सविरुद्धचा सामना नेमका रोश हशानाला, म्हणजे ज्यूंच्या नववर्षाच्या दिवशी आला.

खेळावं की प्रार्थनेत दिवस घालवावा? हा त्याच्या घरचा प्रश्न अख्ख्या शहराचा झाला. शहरही कोणतं? हेन्री फोर्डचं. फोर्डच्या मालकीच्या साप्ताहिकाने १९२०च्या दशकात ज्यूंविरुद्ध सतत विष ओतलेलं. तेच शहर आता एका ज्यू मुलाच्या होकाराकडे डोळे लावून बसलं होतं. धर्मगुरूंची मतं वर्तमानपत्रांत आली. नववर्ष हा आनंदाचा दिवस, त्या दिवशी खेळायला हरकत नाही, असाही अर्थ निघाला.

ग्रीनबर्ग सकाळी सिनेगॉगमध्ये गेला आणि दुपारी मैदानावर. बोस्टन १-० ने पुढे होतं. सातव्या डावात ग्रीनबर्गने होमरन मारून बरोबरी केली. नवव्या डावात दुसरा होमरन. टायगर्स २-१ ने जिंकले. संघाच्या दोन्ही धावा त्याच्याच. शहरातल्या वर्तमानपत्राने त्याला हिब्रू अक्षरांत नववर्षाच्या शुभेच्छा छापल्या.

नऊ दिवसांनी योम किप्पुर आला. हा उपवासाचा आणि तौबेचा दिवस, त्यांच्या तिश्री महिन्याची दहावी तारीख. आपला आशुरा जसा मुहर्रमची दहावी. या दिवशी मात्र तो खेळला नाही. सिनेगॉगमध्ये पाऊल टाकताच लोकांनी टाळ्या वाजवल्या. टायगर्स त्या दिवशी हरले, पण तोवर आघाडी चांगली होती. शेवटी लीग त्यांनीच जिंकली.

ही गोष्ट नेहमी इथेच, टाळ्यांवर संपवतात. श्रद्धाही सांभाळली, संघही सांभाळला. मला मात्र त्या दोन होमरनचा प्रश्न पडतो. १० सप्टेंबरला तो शून्यावर परतला असता आणि टायगर्स हरले असते, तर नऊ दिवसांनी त्याचा उपवास शहराने इतक्या प्रेमाने पाहिला असता का? आणि टायगर्सची आघाडी एकाच सामन्याची असती तर? उपवास तोच, नियत तीच. फक्त हिशोब बदलला असता.

ग्रीनबर्गच्या मोठेपणाला यामुळे बाधा येत नाही. मैदानावर ज्यू म्हणून त्याने आयुष्यभर शिव्या ऐकल्या, तरी तो आपलं नाव लपवून खेळला नाही. प्रश्न बघणाऱ्यांचा आहे. उपयोगी माणसाचा धर्म आपण कौतुकाने बघतो. बाकीच्यांचा धर्म ही अडचण असते.

आमच्या टीममध्ये आणखी एक रोजेदार होता. अकराव्या नंबरचा, बाउंड्रीवर उभा राहणारा. एका रमजानमध्ये तो सरावाला येईना. ईद झाली, शीरखुर्म्याचा डबा घेऊन तो मैदानावर आला, तेव्हा त्याच्या जागी दुसरा मुलगा घेतलेला होता. सगळ्यांनी शीरखुर्मा खाल्ला. मीही खाल्ला आणि काही बोललो नाही. माझी जागा शाबूत होती.