बेडशाच्या टाक्यापाशी

शेतकऱ्याच्या घरातली नवराबायको मिळून बाहेर कधी पडतात? लग्नकार्याला, जत्रेला, मयतीला, नाहीतर दवाखान्यात. काहीही काम नसताना दोघांनीच एक दिवस डोंगरात जाऊन यावे, असे कोणी म्हटले तर चारचौघे हसतील. पण हिवाळ्यातला एक दिवस दोघांनी असा काढावाच, असे माझे मत झाले आहे.

कॅनडासारख्या थंड मुलखात हिवाळ्यात शेते महिनोन्‌महिने बर्फाखाली असतात. मग नवराबायको पायांना रुंद, जाळीचे जोडे बांधून बर्फावरून चालत डोंगरातल्या गोठलेल्या तळ्याकडे फिरायला जातात. भाताच्या चिखलात फळीवर उभा राहिलेला माणूस रुतत नाही, तोच हा न्याय. वजन पसरले की पाय आत जात नाही. आपल्या मावळात बर्फ नाही, दहिवर पडते. शेतही झोपत नाही. भात निघाले की त्याच ओलीवर हरभरा, मसूर उभे राहतात. तरी पौषात थोडी सवड मिळते. भात झोडून झालेले असते, लग्नसराई थांबलेली असते.

मागच्या पौषातली गोष्ट. आम्हा भावांची नुकतीच वाटणी होऊन पवन मावळातले अठ्ठावीस गुंठे भातखाचर माझ्या नावावर आले होते. खाचर उत्तम. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेली इंद्रायणी तिथे चांगली पिकते. सातबारा हाती पडून महिना झाला नाही, तोच गिऱ्हाईक दारात आले. पवनेच्या आसपास बंगल्यासाठी जमीन मागणारे पुष्कळ. थोरल्याला चिंचवडला घर घ्यायचे होते, त्यामुळे त्याचा कल विकण्याकडे. रोज ओटीवर हाच विषय. बोलणारे सगळे पुरुष. ही चहा ठेवून आत जाई. विचारले तर म्हणे, "तुम्ही ठरवाल ते."

एका शनिवारी रात्री मी म्हटले, "उद्या बेडशाला जाऊ."

"कुणाकडं?"

"कुणाकडं नाही. लेणी बघू, मग धरणावर जाऊ."

ती क्षणभर बघत राहिली. सकाळी उठलो तेव्हा भाकऱ्या फडक्यात बांधून तयार होत्या.

कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला मोटारसायकल वळवली तेव्हा धुके इतके होते की पुढची गाडी दिसेना. बेडसे गावाजवळ एका हरभऱ्यात दहिवर चमकत होते. सवयीने मी बांधावर उकिडवा बसून घाटेअळी आहे का ते पाहू लागलो. "आज रविवार आहे ना?" मागून आवाज आला. उठलो.

लेण्यापर्यंत चारेकशे पायऱ्या आहेत. तीन वेळा बसत चढलो. लेणे पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळीच जावे. ऊन थेट खांबांवर येते. लेणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. दारापुढच्या उंच खांबांच्या माथ्यावर घोडे, बैल, हत्ती कोरलेले आहेत आणि त्यांच्या पाठीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या ऐटीत बसल्या आहेत. "ही बघा, बैलावरसुद्धा जोडीनं बसलीत," ही म्हणाली आणि हसली.

बाहेर कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. एका टाक्यावर लेख आहे. महाभोजाची मुलगी आणि आपदेवणकाची बायको, महारठिनी सामडिनिका हिने हे दान दिले, असा त्याचा अर्थ. मी तो सांगितला. हिने पुन्हा विचारले, "बाईचं नाव आहे? नवऱ्याचं नाही?"

"नवऱ्याचंही आहे. पण दान तिचं."

त्यावर ती काही बोलली नाही. आम्ही उतरलो.

दुपारी पवनानगरच्या पुढे पाण्याच्या काठाला भाकरी सोडली. समोर तुंग आणि तिकोना, मागे लोहगड-विसापूरची रांग. पाणी निळे, स्थिर. शहरातली मंडळी फोटो काढत होती. आम्हा मावळकरांना हे तळे नुसते पाहता येत नाही. धरण १९७२च्या सुमारास पुरे झाले आणि खालची शेते पाण्यात गेली. हेच पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले. तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. त्यांत एक बाई होती.

हिच्या आजोळचे खाचरही या पाण्याखाली आहे. ठेचा पुढे सरकवत ती बोलू लागली. "आजीनं तीस वर्षं तिथं लावणी केली. जमीन गेली तेव्हा पैसे आजोबांच्या हाती आले. तिला कुणी विचारलं नाही. आई सांगायची, उन्हाळ्यात पाणी उतरलं की आजी इथं येऊन आपला बांध शोधायची."

मी गप्प राहिलो.

"अहो, तुम्हाला पेन्शन येईल. माझं काय? खाचर विकायचं तर विका. पण आधी त्यावर माझं नाव लावा. मग मला विचारा, आणि मग विका."

"आणि विचारलं तर?"

"तर मी नको म्हणीन."

तेवीस वर्षांत तिने इतके सरळ काही मागितले नव्हते. ओटीवर ते निघाले नसते. तिथे सासू, सून, शेजारी सगळे असतात.

शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम चालवली होती. पुढे १९९२ साली सरकारनेही त्याच नावाने परिपत्रक काढले. नवरा हयात असतानाच त्याच्या जमिनीवर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. त्यासाठी नवऱ्यानेच अर्ज करायचा असतो. मी त्याच आठवड्यात अर्ज दिला. आता सातबाऱ्यावर दोन नावे आहेत. खाचर विकले नाही. थोरला दोन महिने माझ्याशी धड बोलला नाही. मग कर्ज काढून त्याने लहान घर घेतले. यंदा त्याच्या आईने दोन कट्टे इंद्रायणी त्याच्याकडे पोचवली, तेव्हा कुठे तो मोकळा हसला.

शेतकरी बंधूंनो, भाताचे काम आटोपले की एक दिवस काढा. मावळात नसाल तर तुमच्या जवळचा डोंगर, तुमच्या जवळचे तळे. खर्च पेट्रोलचा आणि चार भाकऱ्यांचा. मुलांना घरी ठेवा. वाटेत जमिनीचा, कर्जाचा विषय तुम्ही काढू नका. चालू द्या, बसू द्या. तिला बोलायचे असेल ते ती पाण्यापाशी बोलेल. तुम्ही ऐका.