साखर वेगळी टाकत नाही

पहाटेचे पावणेपाच. चिंचवडमधलं एक हॉस्पिटल, तिसरा मजला. मांडीवर लॅपटॉप, पायात रबरी स्लीपर आणि स्क्रीनवर अर्धवट कॉपी : ‘या वीकेंडला ट्राय करा पुण्यातल्या दहा हटके कॉफी!’ फ्रीलान्सरला सुट्टी नसते बॉस, डेडलाइन असते. ‘हेझलनटचा हलकासा दरवळ’ असं काहीतरी मी टाइप करत होते आणि कॉरिडॉरच्या टोकाला ते मशीन घुर्रर्र करून कागदी कपात तपकिरी फेस ओतत होतं.

तुम्ही या मशीनला ओळखता. हिंजवडीतल्या तुमच्या ऑफिसच्या पँट्रीत त्याचाच भाऊ उभा आहे. चार बटणं : टी, वेलची टी, कॉफी, गरम पाणी. ऑफिसात त्याच्याभोवती गॉसिप चालतं, अप्रेझलचं रडगाणं चालतं. हॉस्पिटलमध्ये त्याच्यासमोर उभं राहणारा प्रत्येक जण दुसऱ्याचा कप भरेपर्यंत भिंतीकडे बघत असतो.

माझ्या पप्पांच्या पायाला जखम झाली होती. नवीन चप्पल चावली, निमित्त एवढंच. पण चौदा वर्षांची शुगर, त्यात ‘काही होत नाही’ हा स्वभाव. दहा दिवसांनी पाय सुजून लाल झाला तेव्हा कुठे दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन आत गेलंय, जखम ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन साफ करावी लागेल, पण आधी शुगर खाली येऊ दे. तोवर अँटिबायोटिक. ज्या पिंपरीत १९५४ साली सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स काढली आणि देशाला पेनिसिलिन पुरवलं, त्या गावात आयुष्य गेलेला माणूस चप्पल चावली म्हणून सलाइन लावून पडला होता. पप्पांनाच हा जोक सुचला. मला तेव्हा हसू आलं नाही.

ड्युट्या लागल्या. दिवसा आई, रात्री मी. धाकटा भाऊ चाकणच्या प्लांटमधून थर्ड शिफ्ट संपवून सकाळी कंपनीच्या बसने यायचा आणि गळ्यातल्या आयडी कार्डासकट खुर्चीत झोपायचा. ‘आमच्याकडे मशीनचा चहा फ्री आहे,’ हे वाक्य त्याने आठवड्यात निदान पाच वेळा ऐकवलं.

पेशंटच्या जेवणाचं कसं असतं, की त्याचा एक मालक असतो. डाएटिशियन येते, ट्रेवर ‘डायबेटिक’ अशी चिठ्ठी असते, मीठसुद्धा मोजलेलं. नातेवाईक मात्र कुणाच्याच यादीत नसतो. त्याने काय खाल्लं, खाल्लं का, हे विचारायचं काम कुणाचंच नाही. वायसीएमला मावळातून, खेडमधून माणसं येतात ती भाकरीचं फडकं बांधूनच येतात, कारण त्यांना हे पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. सरकारलाही कधीतरी जाणवलं असावं. जानेवारी २०२० मध्ये शिवभोजन थाळी दहा रुपयांत सुरू झाली, तेव्हा केंद्रांसाठी सुचवलेल्या जागांत एसटी स्टँड, बाजारपेठांबरोबर जिल्हा रुग्णालयंही होती. आमच्या प्रायव्हेट हॉस्पिटलात खाली चकाचक कॅन्टीन होतं, पण रात्री अकराला शटर. त्यानंतर जगात फक्त ते मशीन.

आणि मशीनचीही गंमत. नाव ऑटोमॅटिक, पण चालवायला माणूस लागतोच. दिवसा एक पोरगा, रात्री सिक्युरिटीचे काका. नाणं टाकलं की चहा, हे परदेशी सिनेमातलं दृश्य आपल्याकडे कधी नीट जमलंच नाही. जमणार कसं? दहाच्या नाण्याची तब्बल चौदा डिझाइन्स चलनात आहेत आणि सगळी खरी आहेत, असं रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करावं लागलं होतं. जे नाणं कोपऱ्यावरचा किराणावाला तीनदा उलटंपालटं करून परत देतो, ते मशीनने काय ओळखायचं? मग आला क्यूआर कोड. पण आमच्या कॉरिडॉरला नेटवर्क नाही. म्हणून त्या मजल्यावरच्या रात्रपाळीच्या प्रत्येक नातेवाइकाच्या फोनमध्ये त्या क्यूआर स्टिकरचा फोटो होता. जिन्याच्या खिडकीपाशी जायचं, गॅलरीतला फोटो उघडून दहा रुपये भरायचे, परत येऊन काकांना स्क्रीन दाखवायची, मग काका बटण दाबणार. एवढ्या वेळात घरी आलं किसून होतं.

आता मुद्द्यावर येते. टाळत होते, खरं सांगायचं तर.

पप्पा भोसरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं होते. त्यातली नऊ वर्षं कॅन्टीन कमिटीवर. आमच्या घरात हे पद नगरसेवकाच्या वरचं. फॅक्टरीज अ‍ॅक्ट, १९४८, कलम ४६ : अडीचशेहून जास्त कामगार असतील तर कॅन्टीन हवं, आणि त्याच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी हवेत. हे कलम मला शाळेत असल्यापासून पाठ आहे. (२०२० च्या नव्या कामगार संहितेत तो आकडा शंभरावर आलाय. हेही पप्पांनीच सांगितलं, रिटायर झाल्यावर.) चहा पातळ झाला की कॉन्ट्रॅक्टरला बोलावून त्याच्यासमोर कप उलटा करणारा माणूस हा. फर्स्ट शिफ्टच्या सवयीने त्यांना आजही पाचला जाग येते, आणि जाग आली की चहा लागतो.

‘बाळा, इथं चहा मिळतो का गं?’

पहिल्या दिवशी मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, नुसतं दाराकडे बघत राहिले. ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. त्या दुपारी मी लवकर आले आणि मशीनवरच्या पोराला गाठलं.

‘दादा, शुगरच्या पेशंटला हा चहा चालेल का?’

‘साखर वेगळी टाकत नाही आम्ही, ताई.’

या वाक्याचे दोन अर्थ होतात. मी पत्रकार आहे, मास कॉमची डिग्री आहे, दोन अर्थांची वाक्यं पकडणं हे माझं पोट भरायचं साधन. तरी मी मला सोयीचा तो अर्थ घेतला. तोपर्यंत त्या मशीनचे सहा-सात कप माझ्या पोटात गेले होते. तो चहा गोड होता. दूध पावडर गोड असणारच ना, असं मी स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या पहाटे सव्वापाचला अर्धा कप. चौथ्या पहाटे पाऊण, सोबत पर्समधली दोन मारी. पाचव्या दिवशी फुल्ल कप. पप्पा दोन्ही हातांनी कप धरून फुंकर मारत प्यायचे आणि दरवेळी म्हणायचे, ‘बेकार आहे. पण गरम आहे.’

सहाला लॅबवाला यायचा, फास्टिंगचं रक्त घ्यायला. ‘रात्रीपासून काही खाल्लं नाही ना काका?’ ‘नाही.’ आणि ते खोटं बोलत नव्हते. आपल्याकडे चहा खाण्यात धरतात का? चहा म्हणजे तोंड धुण्याचाच एक भाग. मी मात्र बाजूला उभी होते, शिकलेली. लॅबवाला आला की कप डस्टबिनमध्ये, वर टिश्यू. हे मी का करत होते, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

फास्टिंगचा आकडा चढत गेला. दोनशेच्या वर. राउंडला डॉक्टर कपाळाला आठ्या घालून फाइल बघायचे, रात्रीचं इन्सुलिन थोडं वाढवायचे. ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं, मग अजून एक दिवस. आई देवाला बोलली. भाऊ डॉक्टरांना बोलला. मी गप्प.

सहाव्या पहाटे मशीन बंद पडलं. लाल दिवा लागला होता आणि काकांनी त्यावर ‘बंद आहे’ असा कागद चिकटवला होता. मी येऊन पप्पांना सांगितलं. ‘राहू दे,’ म्हणाले आणि पडून राहिले. मी पुन्हा लॅपटॉप उघडला.

पावणेसहाच्या सुमारास ते काहीतरी पुटपुटले. मला नीट ऐकू आलं नाही. जवळ गेले तर कपाळ, मान, उशी, सगळं घामाने भिजलेलं. एसीत. हात थरथरत होते.

‘ट्रॉली आली का?’ त्यांनी विचारलं. ‘पोरं खोळंबलीत.’

ते कारखान्यात होते. मला ओळखत नव्हते.

मी किती जोरात ओरडले ते आठवत नाही. सिस्टर धावत आल्या, बोटाला सुई टोचली, मीटरवर ५४. पाण्यात ग्लुकोज पावडर ढवळून त्यांनी घोटघोट पाजलं, ड्युटी डॉक्टरांना फोन केला, घड्याळ बघत पंधरा मिनिटं पलंगाशी उभ्या राहिल्या. परत सुई. ९१. पप्पांनी डोळे नीट उघडले आणि म्हणाले, ‘काय झालं? रडतेस का?’

सिस्टर केरळच्या, मराठी त्यांची मोडकी पण मुद्द्याची. ‘रोज मॉर्निंगला काय देता यांना?’ पहिल्यांदा मी ‘काही नाही’ म्हटलं. त्यांनी पायाने डस्टबिन जवळ ओढला. आज त्यात कप नव्हता, तेच तर झालं होतं. मग मी सगळं सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, ‘डॉक्टर नंबर बघून डोस देतात. नंबर तुम्ही बनवत होता.’

नंतर डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन उतरायला लागलं की शुगरही उतरते, नुसत्या चहामुळे झालं असं नाही. कदाचित खरं असेल. कदाचित माझा चेहरा बघून म्हणाले असतील.

नऊला तो पोरगा मशीन दुरुस्त करायला आला. मी तिथेच बाकावर होते. त्याने पुढचं दार उघडलं आणि पहिल्यांदाच मला त्याचं पोट दिसलं. वर पावडरचे डबे, प्रत्येकात एक स्क्रू. बटण दाबलं की स्क्रू ठरावीक सेकंद फिरतो, पावडर खाली पडते, टाकीतलं गरम पाणी येतं, एक छोटा पंखा ते घुसळतो. तो फेस म्हणजे घुसळलेली हवा. पप्पांनी नक्की कप उलटा केला असता. पोऱ्याने नवीन पाकीट फोडलं. मी ते मागून घेतलं आणि उलटं केलं. जो घटक वजनाने सगळ्यात जास्त तो पहिला छापायचा, असा पाकिटांचा नियम आहे. पहिला शब्द होता : साखर. दूध पावडर त्यानंतर. चहाचा नंबर सगळ्यात शेवटी.

‘मी बोललो होतो ताई,’ तो म्हणाला. ‘वेगळी टाकत नाही. आतच असती.’

त्याच्याशी भांडायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तो बसला, बोलला. त्याच्या रूटवर भोसरी, चाकणच्या कंपन्याही आहेत. ‘तिकडं बिनसाखरेचा वेगळा डबा ठेवावा लागतो. नाही ठेवला तर दुसऱ्या दिवशी तीच माणसं मला धरत्यात. इथं कोण बोलणार? इथलं गिऱ्हाईक चार दिवसांत घरी जातं.’ आणि मग जरा थांबून, ‘जावंच की.’

त्या संध्याकाळी ड्युटीवर येताना मी गेटबाहेरच्या टपरीवर थांबले. तीच टपरी, जिच्याकडे आठवडाभर मी ढुंकून पाहिलं नव्हतं, कारण पावसाचा चिखल आणि पितळी नव्हे, काळंठिक्कर पातेलं. एक कटिंग मागितला. त्याने गाळणं उचलता उचलता विचारलं, ‘पेशंटला का तुम्हाला? शुगर आहे का कुणाला?’ शेजारी छोटं पातेलं होतं, बिनसाखरेचं. पेशंटला नाही, मलाच, म्हटलं. तरी डोळ्यांत पाणी आलं. उगाच.

ऑपरेशन आठव्या दिवशी झालं. पाय वाचला, फक्त करंगळी गेली. ती करंगळी दोन दिवस आधी थिएटरमध्ये गेलो असतो तर वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. पप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘मागितला मी होता.’ विषय त्यांच्यापुरता संपला.

डिस्चार्जच्या दिवशी वॉकर घेऊन ते स्वतः मशीनपर्यंत गेले. चारही बटणं वाचली. खाली वाकून ड्रिप ट्रे बघितला, बोट फिरवून वास घेतला.

‘इथं कमिटी कोण आहे?’

‘कसली कमिटी, काका?’ पोरगा म्हणाला.

पप्पांनी माझ्याकडे पेन मागितलं. डिस्चार्जच्या कागदांत एक फीडबॅक फॉर्म होता, स्टार्सवाला. स्टार्स त्यांनी सोडून दिले आणि ‘इतर सूचना’च्या रकान्यात, कारखान्यातल्या तक्रार वहीत लिहायचे तशा गोल अक्षरात लिहिलं : ‘वेलची टी व साध्या टीच्या बटणाखाली “साखर आहे” असे मराठीत ठळक लिहावे. बिनसाखरेचा डबा वेगळा ठेवावा. रात्रपाळीस चहाची सोय हवी.’ खाली सही केली. सवयीने नावापुढे टोकन नंबर टाकला, मग तो खोडून बेड नंबर लिहिला.