टाचेपासून सुरुवात

'मन शांत करा' असं कुणी म्हटल्याने माझं मन आजवर शांत झालेलं नाही. योगवर्गात बाई म्हणतात, "डाव्या पायाची करंगळी जमिनीला टेकलीये का बघा," आणि काम होतं. करंगळी शोधायला गेलेलं मन तेवढा वेळ उद्याच्या कामांच्या यादीत नसतं. मनाला धरायला काहीतरी ठोस लागतं, आणि अंगापेक्षा जवळचं ठोस दुसरं काय असणार?

*

ताडासन. बघणाऱ्याला नुसता उभा माणूस दिसतो. आत मात्र केवढी धावपळ! अंगठ्यांची मुळं जमिनीला, टाचेच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेवर सारखं वजन, गुडघ्यांच्या वाट्या वर ओढलेल्या, छाती उचललेली, खांदे कानांपासून लांब. खांद्यांकडे लक्ष गेलं की टाच सुटते. टाच धरली की हनुवटी वर जाते. सुरुवातीला चिडचिड होते. मग याच येण्याजाण्याची गोडी लागते.

घरी येऊन जुन्या चपला उलट्या करून पाहिल्या. दोन्ही टाचा बाहेरच्या अंगाने झिजलेल्या, उजवी जास्त. पट्टे शाबूत, अंगठ्याखालचं रबर जवळजवळ नवं. आता बसच्या रांगेत उभी असले की वजन अंगठ्याच्या मुळाशी आणून बघते. कंबरेतला ताण लगेच हलतो.

*

विठोबा विटेवर समचरण उभा आहे, हे लहानपणापासून ऐकत आले. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते आता तळव्यांना कळतं.

*

बी. के. एस. अय्यंगार 1918 साली इन्फ्लुएन्झाच्या साथीत जन्मले. बालपण मलेरिया, विषमज्वर, क्षय यांत गेलं. 1937 मध्ये योग शिकवायला पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. ज्या शरीराने इतकं छळलं, त्याच शरीराचा त्यांनी तसू तसू अभ्यास केला. त्यांचं 'लाइट ऑन योगा' हे पुस्तक 1966 चं. त्यांची शिवाजीनगरची योगसंस्था 1975 ची. भिंतीला दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, घडीच्या खुर्च्या. ज्याचा हात जमिनीला पोचत नाही, त्याच्या हाताखाली ठोकळा सरकवायचा, म्हणजे जमीनच हातापर्यंत वर येते. मला यात फार मोठी माया दिसते. आखडलेल्या, म्हाताऱ्या, आजारी माणसालाही आसनाच्या आत जागा आहे.

*

आपले हातपाय कुठे आहेत हे न बघता कळतं, कारण स्नायू, स्नायुबंध आणि सांधे सतत मेंदूला खबर देत असतात. चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 मध्ये या जाणिवेला प्रोप्रिओसेप्शन हे नाव दिलं. ती गेली तर काय होतं? इंग्लंडमधल्या इयन वॉटरमन यांची 1971 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका तापानंतर ती गेली. मानेखाली स्पर्शही कळेना. स्नायूंत ताकद होती, पण हात कुठे आहे तेच समजत नव्हतं. एकेका हालचालीकडे टक लावून बघत ते पुन्हा चालायला शिकले. दिवे गेले की कोसळत. जोनाथन कोल या डॉक्टरांनी त्यांच्यावर 1991 मध्ये पुस्तक लिहिलं.

हे कळल्यापासून रात्री अंधारात उठून माठापर्यंत जाणं, फुलपात्र हाताला लागणं, पाणी न सांडणं, या सगळ्याबद्दल कृतज्ञ वाटतं.

*

मनगटावर बोटं ठेवून बघण्यासारखं: श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं हे काम. धास्तावलेल्या माणसाला 'घाबरू नकोस' म्हणण्यापेक्षा 'हळूहळू श्वास सोड' म्हणावं, ते यासाठी.

*

इगतपुरीचं धम्मगिरी, विपश्यनेचं केंद्र. सत्यनारायण गोयंका 1969 मध्ये ब्रह्मदेशातून ही विद्या घेऊन आले. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस लक्ष फक्त नाकपुड्यांपासून वरच्या ओठापर्यंतच्या भागावर. एवढ्याशा जागेवर तीन दिवस! मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघत जायचं. खाज आली तरी खाजवायचं नाही, ती उठते कशी आणि विरते कशी ते पाहायचं. गुडघ्यांच्या बाबतीत मात्र मी अय्यंगारांच्या बाजूची. दुखलं तर खाली घोंगडीची घडी घ्यावी.

*

शरीरात परतणं सगळ्यांना सुखाचं नसतं, हे मुद्दाम लिहून ठेवते. ज्यांनी मार खाल्लाय, अत्याचार सोसलाय, त्यांचं लक्ष छातीकडे गेलं की धडधड सुरू होऊ शकते, घाम फुटू शकतो. तिथे 'डोळे मिटा, आत बघा' हा हट्ट क्रूर आहे. डोळे उघडे असू द्यावेत, पाठ भिंतीला, लक्ष तळव्यांवर किंवा खुर्चीच्या हातावर टेकलेल्या बोटांवर. आणि नको वाटलं त्या क्षणी थांबायची मुभा. गरज असेल तर सोबत जाणकार समुपदेशक हवाच.

आणि शिक्षकाने हात लावण्याआधी विचारलंच पाहिजे. आमच्या बाई दर वेळी विचारतात. कुणी नको म्हणालं तर दोन पावलं मागे सरून नुसतं तोंडी सांगतात, "उजवा खांदा बघा." बहुतेकदा तेवढ्यानेच तो खाली येतो.