तीर्थरूप म्हातारपणास

ती. म्हातारपण यांचे सेवेशी,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, हल्ली आपलं नाव वर्तमानपत्रात वरचेवर वाचायला मिळतं, आणि तेही कोर्टाच्या बातम्यांत. आमच्याकडे सर्व क्षेम. गुडघे आपल्या कृपेने कुरकुरतात, पहाटे तीनला टक्क जाग येते, चष्मा कपाळावर असतो आणि मी घरभर शोधते. याबद्दल तक्रार नाही. पाहुणे म्हणून आलात आणि रेशनकार्डावर नाव चढवून बसलात, चालायचंच. माझ्या आजीकडे, आईकडे, सासूबाईंकडे आपण राहून गेलात, त्यामुळे आपला स्वभाव मला नवा नाही. म्हणूनच चार शब्द मोकळेपणाने लिहिते.

आपण दोन घरी दोन तऱ्हेने वागता. आमच्याकडे बारा महिने मुक्काम. बड्या लोकांकडे मात्र थेट अटकेच्या दिवशी उगवता. कालपर्यंत जो गृहस्थ संचालक मंडळाच्या बैठकीत चार-चार तास ताठ बसत होता, कोट्यवधींच्या कर्जावर सही करताना ज्याचा हात तसूभर थरथरत नव्हता, त्याला समन्स आलं की रक्तदाब, जामीन फेटाळला की छातीत कळ आणि निकाल लागला की व्हीलचेअर. इतकं वेळेवर तर आमच्याकडे दूधही येत नाही.

सुखराम यांचंच बघा ना. 1996 च्या ऑगस्टमध्ये सीबीआयने या माजी दूरसंचार मंत्र्यांच्या दिल्लीच्या आणि मंडीच्या घरांवर छापे घातले आणि साडेतीन कोटींहून जास्त रोकड काढली. तेव्हा ते सत्तरीच्या आत होते आणि आपला कुठे पत्ता नव्हता. केबलच्या कंत्राटातल्या लाचेबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली 2011 च्या नोव्हेंबरात, म्हणजे पंधरा वर्षांनी. जानेवारी 2012 मध्ये ते ॲम्ब्युलन्समधून कोर्टात आले, तेव्हा आपण उशाशी हजर होता. तिहारला रवानगी झाली, पुढे जामीनही मिळाला. बरं, ज्यांचं आता काही खरं नाही असं तेव्हा वाटलं, ते गृहस्थ त्यानंतर दहा वर्षं जगले. 2019 मध्ये, नव्वदी उलटल्यावर, नातवाला हाताशी धरून पक्ष बदलला आणि त्याला लोकसभेचं तिकीटही मिळवून दिलं. 2022 मध्ये गेले तेव्हा वय चौऱ्याण्णव. त्यांना आयुष्य लाभलं याचं मला दुःख नाही. पण पक्ष बदलताना आपण त्यांना अडवलं नाहीत, तुरुंगात जाताना मात्र पदर धरून बसलात, हे कसं?

आता रागावू नका, पण कायद्यात आपलं नावच नाही. मनी लाँडरिंग कायद्याचं 45 वं कलम जामिनाच्या कडक अटींतून सवलत देतं ती सोळा वर्षांखालच्यांना, बायकांना आणि आजारी वा दुर्बल माणसांना. खालची वयोमर्यादा आहे, वरची नाही. सत्तरी गाठली की सूट, असं कुठेही लिहिलेलं नाही. तरी वकीलसाहेब युक्तिवादाच्या पहिल्या वाक्यात आपल्यालाच पुढे करतात. आपणही वकीलपत्रावर सही नसताना उभे राहता.

मला खरं म्हणजे बोलायचंय ते सुखराम यांच्या छाप्यापासून शिक्षेपर्यंतच्या त्या मधल्या पंधरा वर्षांबद्दल. आरोपी एका रात्रीत म्हातारा होत नाही, तारखांवर होतो. आज वकील आजारी, उद्या कागद गहाळ, परवा उच्च न्यायालयाची स्थगिती. यातल्या काही तारखा व्यवस्थेच्या, पण बऱ्याचशा पैसे मोजून घेतलेल्या. आणि शेवटी याच तारखांचा हिशेब मांडून सांगतात, महाराज, अशील फार थकले हो! अमेरिकेत गुंतवणूकदारांना फसवणाऱ्या बर्नी मॅडॉफला 11 डिसेंबर 2008 ला अटक झाली आणि 29 जून 2009 ला दीडशे वर्षांची शिक्षा. सात महिनेही लागले नाहीत. त्याने गुन्हा कबूल केला होता म्हणून काम लवकर उरकलं, हे खरं. पण वय तेव्हाही एकाहत्तर होतं. त्याच्या वकिलाने गणित मांडलं होतं की अशिलाचं सरासरी आयुष्य आणखी तेरा वर्षं, तेव्हा बारा वर्षांची शिक्षा द्या, म्हणजे शेवटचं वर्षभर तरी बाहेर काढता येईल. न्यायाधीशांनी ऐकलं नाही. 2020 मध्ये मूत्रपिंडं निकामी होत आली म्हणून त्याने सुटकेचा अर्ज केला, तोही त्याच न्यायाधीशांनी फेटाळला. 2021 च्या एप्रिलमध्ये तो तुरुंगातच गेला. एवढं कठोर व्हावं का, याबद्दल माझं मन अजून डळमळतं. मरायला टेकलेल्या माणसाला कोठडीत ठेवून कोणाचे पैसे परत येतात?

पण मग उरलेल्या आयुष्याचं हेच गणित आम्हा ठेवीदारांच्या बाजूला कसं मांडलं गेलं तेही ऐका. कर्जघोटाळ्यात सापडलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर 23 सप्टेंबर 2019 ला निर्बंध आले. पहिल्या दिवशीचा हुकूम होता, सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये काढा. त्या हजारात औषधं बसवायची की दूध, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पुढे मर्यादा वाढत गेली. जानेवारी 2022 मध्ये बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, तेव्हा विम्याच्या पाच लाखांवरची रक्कम टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंत मिळेल असं ठरलं. दहा वर्षं! ऐंशीच्या आजोबांना हे सांगताना त्यांचं सरासरी आयुष्य कोणी काढून पाहिलं होतं का? ज्या वर्षांनी आरोपींचे केस पांढरे झाले, त्याच वर्षांनी ठेवीदारही थकले. त्यांच्यासाठी कुठल्या कोर्टात जामीन मागायचा?

माझी एक जवळची मैत्रीण अशाच एका बँकेत, नाव नको, अडकली. नवऱ्याची ग्रॅच्युइटी, दोन बांगड्या मोडून आलेले पैसे, सगळं मुदत ठेवीत. पावती अजून प्लास्टिकच्या पिशवीत, वर पेन्सिलीने मुदत संपल्याची तारीख. मोतीबिंदूचं ऑपरेशन तिने दोनदा पुढे ढकललं. तिच्या डोळ्यांत आपण पूर्ण उतरलात, पण त्याचा दाखला कोणी मागितला नाही.

दाखल्यावरून आठवलं. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी मला हयातीचा दाखला द्यावा लागतो. अंगठ्याच्या रेघा आपण पुसून टाकल्यात, त्यामुळे यंत्र मला ओळखत नाही. मग दुसरं बोट, मग तिसरं, मग साबणाने हात धुऊन पुन्हा अंगठा. मागची रांग चुळबुळते. मी जिवंत आहे यावर समोर उभी असूनही विश्वास नाही; आणि तिकडे एका कागदावर आख्खा माणूस मरणासन्न ठरतो.

अर्थात आपल्याबद्दल आदर वाटावा असे प्रसंगही आहेत. मनी लाँडरिंगच्या आरोपाखाली अटकेत असलेले जेट एअरवेजचे संस्थापक नरेश गोयल यांनी जानेवारी 2024 मध्ये कोर्टात हात जोडून सांगितलं की यापेक्षा तुरुंगात मेलेलं बरं. त्यांच्यावरचे आरोप सिद्ध झालेले नव्हते, स्वतः आजारी, पत्नीला कर्करोग. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे ला जामीन दिला, 16 मे ला पत्नी गेल्या. ते दहा दिवस मिळाले हे चांगलंच झालं. खटला चालू असलेला म्हातारा आणि गुन्हा शाबीत झालेला म्हातारा यांत फरक करायलाच हवा.

पण तळोजाच्या तुरुंगात, एल्गार परिषद प्रकरणात अटकेत असलेल्या फादर स्टॅन स्वामींकडेही आपणच होता ना? वय त्र्याऐंशी, कंपवाताने हातात पेला धरवत नाही, म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मिळावा यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला. त्यांच्यावरचा आरोप पैशाचा नव्हता, आणि सिद्धही झालेला नव्हता. 5 जुलै 2021 ला ते गेले, तेव्हा जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात पडून होता. तिथे आपण का नाही घसा खरडून बोललात? की आपल्यालाही मोठा वकील लागतो?

तर विनंती अशी. दोषी ठरलेल्याला आपण उंबरठ्यावर अडवू नका. आत जाऊ द्या. किती महिने ठेवायचं, खाट द्यायची की सतरंजी, तुरुंगाचं रुग्णालय की बाहेरचं, हे न्यायाधीश आणि सरकारी डॉक्टर बघतील. शेवटच्या दिवसांत घरी पाठवलं तरी माझी हरकत नाही. पण आपलं निमित्त करून आधी तुरुंगाऐवजी घरीच कैद आणि नंतर तीही नको, असं होऊ देऊ नका. त्यांनी स्वतः मागून घेतलेल्या तारखांची वर्षं आपल्या वयातून वजा करा. आणि जमल्यास थोडे आधी या: ती सही करायच्या आदल्या रात्री. पहाटे तीनला उठवायची सवय आपल्याला आहेच.

बाकी काय लिहू? थंडी सुरू झाली आहे, सांधे सांभाळून आहे. कळावे. लोभ आहेच, तो आणखी वाढवू नये ही विनंती.

आपली,
सत्तरी ओलांडलेली एक ठेवीदार

ता. क. मैत्रिणीचं ऑपरेशन या महिन्यात ठरलं आहे. पैसे लेकीने भरले. बँकेचा पुढचा हप्ता अजून यायचाय.