दाराची फट

वडिलांच्या मागें आमच्या घरांत दोनच गोष्टींची वांटणी होऊं शकली नाहीं. एक आई आणि दुसरी मोटार. आईचा प्रश्न आईनेंच सोडविला. 'मी वाडा सोडणार नाहीं' असें तिनें एका वाक्यांत सांगून टाकलें. मोटारीवरून मात्र दादाचा आणि माझा अबोला सुरू झाला. ती भंगारांत द्यावी हें त्याचें मत. ती पुन्हां चालती करावी हा माझा हट्ट.

मोटार होती १९६८ सालची फियाट अकराशें डिलाइट. १९४४ सालीं स्थापन झालेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती १९६४ पासून तयार होऊं लागली आणि १९७४ सालीं तिलाच 'पद्मिनी' हें नांव मिळालें. वडिलांनीं नोंदणी करून कित्येक वर्षें तिची वाट पाहिली होती. आतां ती अंगणांत वीस पावसाळे खाऊन उभी होती. आईला ऐंशीवें वर्ष लागेल त्या दिवशीं तिला त्याच मोटारींतून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत न्यावयाचें, असें मीं मनाशीं ठरविलें.

डाव्या बाजूचीं दोन्ही दारें गंजून गेलीं होतीं. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची उठली; तशाच एका मोडीत निघालेल्या टॅक्सीचीं दारें मला कुर्ल्याच्या भंगारबाजारांत मिळालीं. दारांखालची पत्र्याची पोकळ पेटीही कुजली होती. ती मिस्त्रींनीं नवी घडविली. या गाडीला निराळा सांगाडा नसतो. पत्र्याचें अंग हाच तिचा सांगाडा, आणि ही पेटी म्हणजे घराचा जणूं पायाच.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, पेटी कापण्याआधीं दारांच्या चौकटींत तिरप्या सळया जोडून घेतों. आठ दिवस जास्त लागतील."

मला आईचा वाढदिवस दिसत होता. "सळया राहूं द्या," मीं सांगितलें. मोटार पुढें-मागें टेकूंवर उचललेली असतांनाच नवी पेटी जोडली गेली.

मग दारें बसविण्याचें काम निघालें. त्याचाही एक क्रम असतो. गाडीचा मागचा भाग हलत नाहीं, म्हणून मागचें दार आधीं. त्याच्या बेतानें पुढचें दार, पुढच्या दाराच्या बेतानें मडगार्ड आणि सर्वांत शेवटीं बॉनेट. रबर काढून ठेवावयाचें, बिजागरीचे स्क्रू सैल करून दार रेसभर इकडे-तिकडे सरकवावयाचें आणि सगळीकडे सारखी फट येईपर्यंत पुन्हां पुन्हां लावून पाहावयाचें. मिस्त्रींच्या हातांत चार मिलिमीटर जाडीची एक लाकडी पट्टी असे. ती चहूंबाजूंनीं सारखी फिरली कीं दार बसलें.

पुढच्या दारापाशीं ती पट्टी अडली. वरच्या कोपऱ्यांत पत्र्याला पत्रा घांसत होता आणि खालीं बोट जाईल एवढी जागा. तीन दिवस खटपट झाली. अखेर मी वैतागून म्हणालों, "वरची कड कानशीनें घांसून टाका आणि खालीं लांबी भरा. परक्या गाडीचें दार, तें कसें बसणार?"

मिस्त्रींनीं कानस हातांत घेतली नाहीं.

त्या संध्याकाळीं दादा अंगणांत आला. वर्षभरांत प्रथमच. माझ्याकडे न पाहतां त्यानें वडिलांची फीत काढली आणि दोन्ही बाजूंच्या पुढच्या चौकटींचे कर्ण मापले. डावीकडची चौकट सहा मिलिमीटर वांकडी होती. मध्यें आधार नसल्यानें पेटी जोडतांना गाडी किंचित् खालीं बसली होती आणि तीं मापें तशींच कायम झालीं होतीं.

"दार चांगलें आहे रे," दादा म्हणाला. "चौकटच हललीय."

त्या टॅक्सीच्या दाराला मीं तीन दिवस बोल लावला होता. अंगणांतल्या त्या माणसाला तर वर्षभर.

जोड पुन्हां कापला. मोटार तिच्या चाकांवर उभी केली, मध्यभागीं जॅक देऊन डावी चौकट उजवीच्या मापाला आणली, सळयांनीं बांधली आणि मग थोडा इथें, थोडा तिथें असा टांका देत पेटी जोडली. एकाच जागीं उष्णता सांचली तर पत्रा वाकतो. याला सहा आठवडे लागले. आईचा वाढदिवस केव्हांच होऊन गेला. तिला तें सांगतांना मला लाज वाटली; ती म्हणाली, "तुम्ही दोघे एका दिव्याखालीं काम करीत होतां, तें मीं खिडकींतून पाहात होतें."

शेवटीं दार लागलें. खणखण नाहीं, घांसणें नाहीं. एकच भरीव आवाज. पट्टी चहूंबाजूंनीं फिरली.

मी मिस्त्रींना विचारलें, "फट अजिबात ठेवली नाहीं तर?"

ते हंसले. "मग दार उघडणार कसें, साहेब?"

दादाचें आणि माझें मत अजूनही पुष्कळ गोष्टींत जुळत नाहीं. मोटारीवर इतका पैसा घालणें त्याला आजही पटलेलें नाहीं. पण परवां पर्वतीला जातांना चालवीत होता तोच, आणि आईशेजारीं मागें बसलों होतों मी.